पहिल्या वॉटर-कूल्ड कॉम्प्युटरचा आराखडा

कस्टम लूप, म्हणजे कॉम्प्युटर थंड करायला पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडून आपणच बांधलेला पाण्याचा फेरा, बांधायचा म्हटलं की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा नळ्यांचा आणि पाण्याचा रंग येतो. तो शेवटी ठरवला तरी चालतो. आधी ठरवायचं ते हे की, मे महिन्यात दुपारी तीन वाजता, जिथे मशीन ठेवायचं त्या खोलीत तापमान किती असतं. थर्मामीटर घेऊन दोन-तीन दिवस खरोखर मोजा. पुण्यात बंद खोलीत ३३-३४ अंश सहज असतात. नागपूर-अकोल्याकडे एसी किंवा कूलर नसेल तर ४० अंशांच्या आसपास. लूपमधलं पाणी या तापमानाच्या खाली कधीच जात नाही. रेडिएटर फक्त पाण्यातली उष्णता खोलीतल्या हवेला देतो, आणि हवा जितकी गरम तितकं पाणी त्याच्या वरच राहणार. पंख्याखाली बसल्यावर आपल्याला गार वाटतं ते घामामुळे, रेडिएटरला घाम येत नाही.

म्हणून सगळा आराखडा एका फरकाभोवती फिरतो: पाणी खोलीपेक्षा किती अंशांनी गरम होणार. मशीन पूर्ण जोरात चालू असताना हा फरक १० अंशांच्या आसपास ठेवणं हे चांगलं उद्दिष्ट आहे. म्हणजे जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत पाणी ३४, आणि मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत ४४. पाणी ४५ च्या आत राहिलं तर पंप, नळ्या, ओ-रिंगा सगळे निवांत असतात. डी५ पंपाची पाण्यासाठीची कमाल मर्यादा ६० अंश आहे आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्या सुमारास फिटिंगजवळ मऊ पडून सरकायला लागतात. नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत १० अंशांचा फरक म्हणजे पाणी ५० वर. तिथे एकतर रेडिएटर जास्त लावावा लागतो, नाहीतर खोली थंड करावी लागते. विदर्भात कूलर लावला तरी फायदा होतो. कूलरच्या दमट हवेने आत दव जमेल ही भीती मात्र ठेवू नका. दव जमायला पृष्ठभाग हवेपेक्षा गार असावा लागतो आणि लूप नेहमी खोलीपेक्षा गरमच असतो. कोकणातल्या पावसाळ्यालाही हेच लागू.

आता उष्णता मोजायची. इथे जो आराखडा मांडतोय तो एका ठरावीक मशीनचा आहे: रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड आणि लियान ली ओ११ डायनॅमिक इव्हो ही केस. कार्डाची वीज ३२० वॅट, प्रोसेसरचा टीडीपी (थंड करताना धरायची उष्णता) १२० वॅट. दोन्ही मिळून ४४० वॅट धरू. गेम खेळताना प्रोसेसर त्यापेक्षा बराच कमी खातो, पण आराखडा जास्तीच्या आकड्यावरच करावा. हे ४४० वॅट शेवटी खोलीतच येतात, पाण्याने थंड केलं म्हणून ते कुठे नाहीसे होत नाहीत. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे या एका मशीनसाठी त्याचा आठवा हिस्सा खर्ची पडतो. खोली गार होईल या अपेक्षेने कोणी लूप बांधत असेल तर त्याने इथेच थांबावं.

आणखी एक अपेक्षा आधीच तपासून घ्यावी. ७८००एक्स३डी मध्ये कोअर (हिशेब करणारे भाग) असलेल्या चिपवर कॅशेचा (जलद मेमरीचा) आणखी एक थर बसवलेला आहे, चिप लहान आहे, आणि वरचं धातूचं झाकण जाड आहे. उष्णतेला चिपमधून झाकणापर्यंत यायलाच अडथळा होतो. त्यामुळे पाणी ४४ अंशांवर असलं तरी सगळे कोअर भरात असताना प्रोसेसर ७५-८० दाखवू शकतो, आणि यात लूपचा काही दोष नसतो. या प्रोसेसरची मर्यादा ८९ अंशांची आहे. चांगल्या एअर कूलरच्या (म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या हीटसिंक-पंख्याच्या, खोलीतल्या कूलरच्या नव्हे) तुलनेत इथे थोडेच अंश कमी होतात. खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला मिळतो: मोठी चिप, मध्ये झाकण नाही, पाण्याचा ब्लॉक (आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) थेट सिलिकॉनवर. ३२० वॅटवर चिप पाण्यापेक्षा साधारण १५ अंशच वर राहते, आणि मुख्य म्हणजे पंखे ओरडत नाहीत. फक्त प्रोसेसरसाठी कस्टम लूप बांधण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याला चांगला एअर कूलर किंवा तयार एआयओ (कारखान्यातच भरून बंद केलेला वॉटर-कूलर) पुरतो.

रेडिएटरचा ढोबळ हिशेब असा, की १२० मिमीच्या एका पंख्याच्या जागेमागे, पंखा १००० ते १२०० आरपीएमवर, ७५ ते १०० वॅट. आपल्याकडे ४४० वॅट आहेत. एकच ३६० चा (१२० मिमीच्या तीन पंख्यांचा) रेडिएटर घेतला तर प्रत्येक जागेवर १४७ वॅट येतात. तो चालतो, पण पंखे जोरात फिरवावे लागतात आणि पाणी खोलीपेक्षा १५ अंशांहून जास्त गरम होतं. मग एवढा खटाटोप ज्या शांततेसाठी केला ती हातची जाते. दोन ३६० घेतले की सहा जागा, प्रत्येकी ७३ वॅट. हे जमतं. जाडी ३० मिमीची घ्यावी. ४५ किंवा ६० मिमी जाडीचे रेडिएटर पंखे जोरात फिरत असतील तेव्हाच आपली किंमत वसूल करतात. हळू पंख्यांना दाट, खोल फिनांमधून (धातूच्या पातळ पात्यांमधून) हवा ढकलायला दाब पुरत नाही. त्या जाडीसाठी केसमध्ये जी जागा जाते ती वेगळीच. पंखे स्थिर दाब चांगला असलेले हवेत, निव्वळ हवेचा मोठा आकडा बघून घेऊ नयेत. आर्क्टिकचे पी१२ पीडब्ल्यूएम (कमाल १८०० आरपीएम) या कामाला स्वस्तात मस्त आहेत. नॉक्टुआचा एनएफ-ए१२x२५ त्याहून शांत, पण किंमत कितीतरी जास्त.

केसच्या जाहिरातीत ‘३६० रेडिएटर बसतो’ असं लिहिलेलं असतं ते लांबीपुरतं खरं असतं. ३६० च्या रेडिएटरची खरी लांबी ३९० ते ४०० मिमी असते, कारण दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात. ज्या टोकाला पोर्ट असतात तिथे फिटिंग आणि नळीचं वळण यासाठी आणखी ३० मिमी तरी मोकळे हवेत. जाडीचा हिशेब रेडिएटर ३० अधिक पंखा २५, एकूण ५५ मिमी. वरच्या बाजूला हे ५५ मिमी मदरबोर्डच्या वरच्या कडेवर, विशेषतः व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) हीटसिंकवर आणि उंच रॅमवर आदळतात. इथे फूटपट्टी आतल्या पत्र्याला टेकवून मोजावं, बाहेरून नाही. ओ११ डायनॅमिक इव्होमध्ये वर, खाली आणि बाजूला अशा तीन ठिकाणी ३६० बसतो. मी वरची आणि खालची जागा रेडिएटरला देतो आणि बाजूची पंख्यांना मोकळी ठेवतो. कारण खालून आत येणारी हवा खालच्या रेडिएटरमधून गरम होऊनच आत येते, आणि वरचा रेडिएटर तीच हवा बाहेर टाकतो. बाजूने ताजी हवा मिळाली नाही तर वरच्या रेडिएटरची निम्मी कमाई बुडते.

मग कागद घ्यायचा. केसची आतली बाजू एक-चारच्या प्रमाणात काढा, त्यात मदरबोर्ड, कार्ड, दोन्ही रेडिएटर आणि पाण्याची मुख्य टाकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी मांडा, प्रत्येक तुकड्यावर पोर्ट कुठे येतात त्याच्या खुणा करा. नळ्या म्हणून जाड दोरा वापरा. या पुठ्ठ्यावर घालवलेली एक संध्याकाळ फिटिंगच्या दुसऱ्या ऑर्डरपासून वाचवते. आणि हे सामान बहुतांशी बाहेरून येतं, त्यामुळे दुसरी ऑर्डर म्हणजे आठवडे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्रोसेसर-कार्ड आज विचारून आज मिळेल, पण ९० अंशांचं एक फिरतं फिटिंग कमी पडलं तर अख्खं काम त्याच्यावाचून अडून बसतं.

कागदावर पहिला वाद निघतो तो क्रमाचा. पंपानंतर आधी प्रोसेसर की आधी रेडिएटर? पाणी कार्डातून गरम होऊन प्रोसेसरला गेलं तर? यावर आकडेच बोलतात. पाण्याचा प्रवाह ताशी २४० लिटर, म्हणजे मिनिटाला ४ लिटर असेल, तर ४४० वॅट उष्णता घेऊन पाणी एका फेरीत फक्त १.६ अंशांनी तापतं. प्रवाह निम्मा झाला तरी ३.२ अंश. लूपमधलं सगळं पाणी जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. म्हणून क्रम नळ्यांच्या सोयीने लावावा: नळी कमी, वळणं कमी. एकच क्रम सक्तीचा आहे, टाकीतून पाणी थेट पंपात उतरलं पाहिजे आणि टाकी पंपाच्या वर हवी. डी५ पंप स्वतःहून पाणी ओढून घेऊ शकत नाही. आणि तो कोरडा चालवला तर त्याचं बेअरिंग काही मिनिटांत खराब होतं, कारण त्याचं वंगणच पाणी आहे.

या मशीनमध्ये क्रम ठरला तो असा: टाकी-पंप, खालचा रेडिएटर, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, वरचा रेडिएटर, परत टाकी. टाकी आणि पंप एकत्र असलेलं युनिट घ्यावं, २५० मिलीची टाकी पुरते. टाकी मोठी असली तर पाणी भरायला आणि हवा काढायला सोपं जातं, थंडावा वाढत नाही. मोठी टाकी मशीन फक्त थोडं उशिरा गरम करते. पंपात डी५ आणि डीडीसी असे दोन मुख्य प्रकार आहेत. डीडीसी दाब जास्त देतो पण स्वतः तापतो आणि आवाज करतो. डी५ मोठा आहे, शांत आहे, आणि दोन ब्लॉक, दोन रेडिएटर त्याला निम्म्या वेगातही झेपतात. पहिल्या लूपला डी५.

पंपाची जोडणी करताना एक गोष्ट नीट समजून घ्या. डी५ पूर्ण जोरात २० वॅटच्या वर खातो. त्याची वीज थेट पॉवर सप्लायच्या साटा किंवा मोलेक्स तारेतून घ्यायची, मदरबोर्डच्या पंख्याच्या हेडरमधून (तार जोडायच्या पिनांमधून) नाही. पीडब्ल्यूएमच्या चार पिनी फक्त वेग सांगण्या-विचारण्यासाठी. ते चार पिनी सीपीयू फॅनच्या हेडरला जोडा. पंप फिरला नाही तर बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) मशीन सहसा पुढे जाऊच देणार नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

नळ्यांचा प्रश्न आता. कडक नळ्यांचं मशीन देखणं दिसतं यात वाद नाही. पण पहिल्याच लूपमध्ये हीट गन, सिलिकॉनची दोरी, वाकवण्याचा सराव आणि मोजमापातली मिलिमीटरची चूक हे सगळं एकदम अंगावर घेऊ नये. मऊ नळी घ्या, आतला व्यास १० मिमी, बाहेरचा १६. १०/१३ ची नळी बारीक दिसते पण तिची भिंत पातळ, आखूड वळणावर लगेच मुडपते. १०/१६ सुमारे पन्नास मिमी त्रिज्येपर्यंत वळते. आता पदार्थ. पारदर्शक पीव्हीसी नळी दिसायला छान, पण तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर महिनोन्महिने पाण्यात उतरत राहतो. तो पांढरट-चिकट थर बनून प्रोसेसरच्या ब्लॉकमधल्या बारीक खाचांत अडकतो. त्या खाचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. ईपीडीएम रबराची काळी नळी हा त्रास देत नाही. ती पारदर्शक नसते, रंगीत पाणी तिच्यातून दिसणार नाही, पण पहिल्या लूपला मी तीच सुचवतो.

फिटिंग मोजताना लोक कमी मोजतात. हिशेब असा: पाच अवयव, म्हणजे टाकी-पंप, दोन रेडिएटर, दोन ब्लॉक. प्रत्येकाला येण्याचं आणि जाण्याचं मिळून दोन कॉम्प्रेशन फिटिंग (नळीवर कडं पिळून घट्ट बसणारी), म्हणजे दहा. पाणी काढण्यासाठी एक टी (तीन तोंडांचा जोड), त्यावर बॉल व्हॉल्व्ह, त्या टीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन कॉम्प्रेशन फिटिंग. ९० अंशांची फिरती फिटिंग या मांडणीत चार लागतात. दोन्ही रेडिएटरच्या आणि टाकीच्या रिकाम्या पोर्टांना बुचं. आणि ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकला दोन्ही बाजूंनी मिळून चार पोर्ट असतात. दोन वापरात, दोन बुचं लावून बंद. हीच बुचं विसरतात. बारा कॉम्प्रेशन, चार फिरती, एक टी, एक व्हॉल्व्ह, सहा बुचं, आणि वर दोन फिटिंग व एक बूच जादा. सगळ्यांचा आटा जी १/४, कोणत्याही कंपनीचं कुठल्याही अवयवाला बसतं. नळीचा व्यास मात्र फिटिंगवर छापलेल्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, १०/१६ चं फिटिंग १०/१३ ला चालत नाही.

धातूंबद्दल एक नियम पाळाच: लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढेच. ॲल्युमिनियम नको. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की तो एक विद्युतघट होतो, ॲल्युमिनियम गंजत जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकमध्ये बसतो. म्हणूनच जुन्या एआयओचा रेडिएटर काढून वापरायचा मोह टाळा. तो बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचाच असतो. स्वस्तातला अनोळखी रेडिएटर घेताना वर्णनात ‘तांबं’ किंवा ‘पितळ’ हा शब्द नसेल तर सोडून द्या.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक हा या यादीतला एकमेव भाग आहे जो आपल्या मॉडेलशीच बांधलेला असतो. ‘४०८० साठी’ एवढं पुरत नाही. प्रत्येक कंपनीचा सर्किट बोर्ड वेगळा, कॉइल आणि कपॅसिटरच्या जागा वेगळ्या. आधी ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत आपल्या कार्डाचं पूर्ण नाव शोधा, मग कार्ड विकत घ्या. उलट केलं तर असं कार्ड हातात येतं ज्याला ब्लॉकच मिळत नाही. कार्डाच्या स्क्रूवर स्टिकर असेल तर कूलर काढल्यावर वॉरंटीचं काय होतं ते विक्रेत्याला लेखी विचारून घ्या. ब्लॉक बसवताना थर्मल पॅडची जाडी हाच कळीचा मुद्दा असतो. मेमरीवर १ मिमी सांगितला असताना १.५ चा लावला तर ब्लॉक चिपवर नीट टेकत नाही, आणि मेमरी गार पण चिप गरम असा उलटा प्रकार होतो. पुस्तिकेत जे जिथे लिहिलंय ते तिथेच. चिपवर थर्मल पेस्ट एक्सच्या आकारात, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे पिळत. नंतर चिपचं तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरचा सर्वात गरम बिंदू) यांच्यातला फरक बघा. तो २० अंशांच्या पुढे असेल तर ब्लॉक तिरका बसलाय, उघडून पुन्हा बसवा.

आता पाणी. नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच, आणि घरच्या आरओचंही नाही. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, तापलेल्या ब्लॉकवर त्यांचा थर बसतो आणि गंजही चढतो. डिस्टिल्ड पाणी घ्या, सीलबंद कॅनमधलं. बॅटरीचं म्हणून सुटं विकतात त्याचा भरवसा धरू नका. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर आकडा शून्य किंवा जवळपास शून्य यायला हवा. नुसतं डिस्टिल्ड पाणीही कायमचं ठेवायचं नाही. त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक नसतो. तयार कूलंट किंवा त्याचा अर्क डिस्टिल्ड पाण्यात मिसळून वापरा, पारदर्शक, रंग नसलेला. दुधाळ, अपारदर्शक कूलंट फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांच्यातले कण खाली बसतात आणि ब्लॉकच्या खाचा बुजवतात. पारदर्शक पाणी गढूळ किंवा हिरवट झालं तर टाकीत लगेच दिसतं, हा त्याचा मोठा गुण.

किती लागेल? १० मिमी व्यासाच्या नळीत मीटरमागे ७८.५ मिली पाणी मावतं. दोन मीटर नळीचे १५७. दोन रेडिएटर मिळून साधारण ३००, टाकीत २००, ब्लॉकमध्ये ५०-१००. म्हणजे ७५० मिली धरून चाला. कूलंट एक लिटर घ्या, आणि धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी पाच लिटर.

धुणं टाळू नका. नव्या कोऱ्या रेडिएटरमध्ये कारखान्यातल्या डागकामाचा चिकट फ्लक्स आणि बारीक कण असतात. कढत नव्हे पण चांगलं गरम डिस्टिल्ड पाणी अर्धवट भरा, दोन्ही पोर्टांना बुचं लावा, दोन मिनिटं हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. पहिल्या दोन वेळा करडं, कधी निळसर पाणी आणि काळे कण निघतात. भांड्याच्या तळाशी काहीही दिसेनासं होईपर्यंत हे करायचं, सहसा चार-पाच वेळा. हे कण राहिले तर त्यांचा शेवटचा मुक्काम प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये असतो.

फिटिंग बसवताना प्लंबिंगची सवय बाजूला ठेवा. टेफ्लॉन टेप गुंडाळायचा नाही. जी १/४ चे आटे सरळ असतात, पाणी आट्यांनी अडत नाही, फिटिंगच्या बुडाशी असलेल्या रबरी ओ-रिंगने अडतं. टेप गुंडाळला तर ओ-रिंग नीट बसत नाही आणि टेपचे तुकडे पंपात जातात. फिटिंग बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, ओ-रिंग दबलेली जाणवते, मग पाव फेरा. तेवढंच. ॲक्रिलिकच्या टाकीला किंवा ब्लॉकला पाना लावून जोर दिला तर आट्यांपासून तडा जातो, आणि तो तडा महिन्याभराने उघडा पडतो. ॲक्रिलिक पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलही वापरू नका, त्याने केसासारख्या चिरा पडतात. ओल्या सुती कापडाने पुसा.

नळी नेहमी काटकोनात कापा, नळी कापायच्या कटरने किंवा नव्या ब्लेडने. तिरकं टोक फिटिंगच्या तळापर्यंत एका बाजूने पोचतच नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते. आत घालताना टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवलं की रबर सहज सरकतं. नळी पूर्ण टेकली की मगच बाहेरचं कडं पिळा. मापं सैल ठेवा, ताणून बसवलेली नळी फिटिंगला सतत एका बाजूला ओढत राहते. टी आणि व्हॉल्व्ह लूपच्या खालच्या भागात, पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर. या मांडणीत खालचा रेडिएटर त्याहून खाली असल्याने पाणी काढताना केस कलती करावी लागते. ते आधीपासून माहीत असलेलं बरं.

गळतीची चाचणी आधी हवेने. लीक टेस्टर म्हणून हातपंप आणि दाबमापक एकत्र मिळतो, तो एका पोर्टला लावून ०.५ बार दाब भरा आणि अर्धा तास थांबा. ब्लॉकच्या पुस्तिकेत यापेक्षा कमी मर्यादा असेल तर तेवढाच. सायकलचा पंप इथे वापरू नका, एका दट्ट्यात दाब कुठल्या कुठे जातो. काटा जागचा हलला नाही तर लूप बंद आहे. काटा सावकाश उतरत असेल तर लूप अर्धा अर्धा करून तपासा, बहुतेक वेळा वळलेली ओ-रिंग, अर्धवट घुसलेली नळी किंवा कार्डामागचं विसरलेलं बूच सापडतं. हवेची चाचणी पास झाली तरी पाण्याची चाचणी सोडायची नाही.

पाणी भरताना पॉवर सप्लायच्या फक्त पंपाला जाणाऱ्या तारा जोडलेल्या हव्यात. मदरबोर्डची २४ पिनची, प्रोसेसरची आणि कार्डाची, सगळ्या काढलेल्या. पॉवर सप्लाय चालू करायला २४ पिनच्या टोकाला जंपर लागतो. आता सगळ्या तारा काळ्या असल्याने हिरवी तार शोधून वायरीचा तुकडा खुपसण्यापेक्षा तयार जंपर घ्यावा. प्रत्येक फिटिंगखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवा. टाकी भरा, पॉवर सप्लायचं बटण दोन-तीन सेकंद चालू, टाकी तळाला यायच्या आत बंद, पुन्हा भरा. असं आठ-दहा वेळा. पाणी टाकीत परत यायला लागलं की पंप सलग चालू ठेवा आणि केस पुढे, मागे, दोन्ही कुशींवर हळूहळू कलती करा. रेडिएटरच्या टाकीत अडकलेली हवा गुळगुळ आवाज करत बाहेर येते. टिश्यू २४ तास कोरडे राहिले पाहिजेत. एखादा टिश्यू ओला झाला तर पंप बंद, दुरुस्ती, आणि मदरबोर्डवर थेंब पडला असल्यास तो पूर्ण वाळल्याशिवाय वीज नाही. डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही हे खरं, पण धुळीवर पडलेलं किंवा चार दिवस तांब्यातून फिरलेलं पाणी मात्र वाहतं.

टाकी काठोकाठ भरू नका. ३० अंशांवरून ४५ वर गेलं की एक लिटर पाणी पाच-सहा मिलीने फुगतं. वर हवेची थोडी जागा असेल तर ते सामावतं, नसेल तर दाब थेट ओ-रिंगांवर येतो. दोन-तीन बोटं मोकळी ठेवा. पहिल्या आठवड्यात बारीक हवा निघत राहते आणि पातळी उतरते, तेव्हा पुन्हा थोडं भरायचं.

पंखे कशावर चालवायचे हे बहुतेक जण चुकवतात. बायोसमध्ये ते प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. ते तापमान एक ब्राउझर उघडला तरी एका सेकंदात वीस अंश उडी मारतं, आणि पंखे उगाच खाली-वर करत राहतात. लूपमध्ये जी १/४ चा १० किलो-ओहमचा तापमान सेन्सर लावा, त्याच्या दोन तारा मदरबोर्डवरच्या टी-सेन्सर हेडरला. मदरबोर्ड घेतानाच हा हेडर आहे का ते बघा. पंखे पाण्याच्या तापमानाला बांधले की ते मिनिटामिनिटाने बदलतात, कानाला कळतही नाही. पुण्यासाठी सुरुवात म्हणून ३८ अंशांपर्यंत ६०० आरपीएम, ४४ ला ११००, ४८ ला पूर्ण जोर. ३२ पासून वाढवत नेलं तर एप्रिल-मे महिन्यात मशीन रिकामं असतानाही पंखे जोरात फिरतील, कारण खोलीच ३४ असते. ५० ला इशारा आणि ५५ ला मशीन बंद अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवा.

पहिल्याच आठवड्यात तीन आकडे वहीत लिहून ठेवा, खोलीचं तापमान, अर्धा तास पूर्ण जोरानंतरचं पाण्याचं, आणि चिपचं. पुढे काही बिघडलं तर हे आकडेच सांगतात काय बिघडलं. खोली आणि पाण्यातला फरक वाढला तर रेडिएटरमध्ये धूळ साठलीय किंवा एखादा पंखा बंद पडलाय. पाणी तेवढंच आणि चिप आणि पाण्यातला फरक वाढला तर ब्लॉकच्या खाचा बुजताहेत किंवा पेस्ट वाळलीय. दोन्ही एकदम वाढले तर पंपाचा वेग बघा. आपल्याकडे पहिलं कारण सर्वात जास्त आढळतं. रस्त्याकडेच्या खोलीत खालच्या जाळीवर तीन आठवड्यांत राखाडी चादर धरते. जाळी काढून धुवायची, आणि रेडिएटरवर ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, मोकळा पंखा हवेने फिरून बेअरिंग खराब होतं.

कूलंट वर्षाने बदला. त्याच वेळी प्रोसेसरचा ब्लॉक उघडून खाचा बघा, मऊ टूथब्रश आणि डिस्टिल्ड पाण्याने साफ करा, ओ-रिंग खोबणीत परत बसवताना वळली नाही ना ते बोट फिरवून तपासा, आणि हवेची चाचणी पुन्हा पहिल्यासारखी अर्धा तास.